कोणती रास्ना?
(हस्तलिखिताच्या मांडणीविषयी एका ग्रामीण वैद्याचे मत)

गेल्या पावसाळ्यात मी एका संशोधनपत्रिकेकडे पाठविलेला रुग्णवृत्तांत तीन आठवड्यांत परत आला. तज्ज्ञ परीक्षकांनी वाचून नाकारला असता तर वाईट वाटले असते, पण ती रीतच आहे. येथे लेख परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नव्हता. 'लेखकांसाठी दिलेल्या सूचनांनुसार मांडणी नाही' एवढा शेरा आणि सोबत चौदा आक्षेपांची यादी जोडून संपादकीय कार्यालयानेच तो परत केला होता. समास किती सोडावा, संदर्भांचे अंक कसे द्यावेत, सारांश किती शब्दांचा असावा, कोष्टके शेवटी स्वतंत्र पानांवर का नाहीत, इत्यादी.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पहिला उद्गार संतापाचाच होता. चितेगावात माझा दवाखाना सकाळ-संध्याकाळ चालतो. पैठण रस्त्यावरील कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की कामगार येतात, वाड्यावस्त्यांवरून शेतकरी येतात. रात्री जेवण झाल्यावर जो वेळ उरतो त्यात दीड महिना खपून तो लेख लिहिला होता. रुग्णास गुण आला, तो कसा आला हे मी लिहिले. आता समास किती इंचांचा यावर माझे वैद्यकत्व ठरणार काय, असे मी एका स्नेही वैद्यांना दूरध्वनीवर विचारलेही. आपल्यापैकी अनेकांनी हाच प्रश्न विचारून लेख कपाटात टाकला असेल. मीही टाकला असता. पण यादीतील सातव्या आक्षेपाशी अडकलो.

तो आक्षेप असा होता : क्वाथातील 'रास्ना' म्हणजे कोणती वनस्पती, तिचे कोणते अंग आणि ती कोठून घेतली, हे लिहावे.

रुग्ण आमवाताचे होते. रास्नासप्तक क्वाथ मी वर्षानुवर्षे वापरीत आलो आहे. रास्ना म्हणजे रास्ना, यात विचारावयाचे काय, असे वाटले. तरीही रकाना भरावयाचा म्हणून पुस्तके काढली. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियामध्ये रास्ना म्हणून प्लूचिया लॅन्सिओलाटा ही वनस्पती दिली आहे आणि अंग म्हणून तिचे पान. दक्षिणेत रास्ना म्हणून अल्पिनिया गॅलँगा, म्हणजे आपले कोळिंजन वापरतात व त्याचा कंद घेतात. बंगालकडे याच नावाने वांडा ही झाडावर वाढणारी वनस्पती घेतली जाते. हे सर्व मी विद्यार्थिदशेत द्रव्यगुणाच्या परीक्षेसाठी पाठ केले होते आणि त्यावर गुणही मिळविले होते. नंतर पुड्या बांधताना त्याची आठवण कधी झाली नाही. उठून बरणी उघडली. आत पाने नव्हती. तांबूस, सुवासिक, जिभेस झोंबणारे कंदाचे तुकडे होते.

म्हणजे ज्या औषधाच्या यशाचा वृत्तांत मी जगास सांगावयास निघालो होतो, त्यातील प्रमुख द्रव्य, ज्याच्या नावाने तो क्वाथ ओळखला जातो ते, माझ्या समजुतीतील नव्हतेच असे दिसू लागले. कोळिंजनाने गुण येत नाही असे मी म्हणत नाही. दक्षिणेतील वैद्य पिढ्यान्‌पिढ्या ते वापरीत आहेत. मुद्दा एवढाच, की मला ठाऊक नव्हते. माझा लेख वाचून विदर्भातील एखाद्या वैद्याने प्लूचियाची पाने वापरली असती आणि त्यास गुण आला नसता, तर दोष आमवाताच्या चिकित्सेवर गेला असता.

मग उरलेले आक्षेपही मी निराळ्या नजरेने वाचू लागलो. त्यांतील काही खरोखरच क्षुल्लक होते आणि आजही क्षुल्लकच वाटतात. समासाचे इंच त्यातलेच. परंतु 'घटनाक्रमाचे कोष्टक द्यावे' हा आक्षेप तसा नव्हता. रुग्ण माझ्याकडे आले तेव्हा वेदनाशामक गोळ्या घेत होते. पुढे त्यांनी त्या सोडल्या. कधी? पहिल्या आठवड्यात की दुसऱ्या महिन्यात? माझ्या केसपेपरवर दर भेटीची तारीख होती, नाडी होती, जिव्हा साम की निराम ते होते, क्वाथाची मात्रा होती. गोळ्यांविषयी फक्त पहिल्या दिवशी एक ओळ होती. रुग्णास विचारले तर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता कुठं ध्यानात ऱ्हातंय? बरं वाटाया लागलं तशा सोडल्या." हे उत्तर वैद्यास सुखावणारे आहे, पण कोष्टकात ते कोणत्या तारखेसमोर लिहावे? सकाळचा स्तंभ, म्हणजे सांधे जखडलेले राहणे, 'बराच कमी झाला' असे मी लिहिले होते. किती मिनिटांवरून किती मिनिटांवर, हे लिहिलेले नव्हते, कारण विचारलेलेच नव्हते.

तेव्हा माझे पहिले मत हे, की मांडणीचे काम लेख संगणकावर चढविताना सुरू होते असे जे आपण समजतो तेथेच चूक आहे. जो रकाना लेख लिहिताना रिकामा राहतो तो बहुधा केसपेपरवर आधीच रिकामा राहिलेला असतो. रुग्णवृत्तांत कसा लिहावा यासाठी २०१३ साली 'केअर' नावाने तेरा मुद्द्यांची एक सूची प्रसिद्ध झाली. शीर्षक, रुग्णाची माहिती, तपासणीतील निष्कर्ष, घटनाक्रम, निदान, उपचार, पुढील भेटी व परिणाम, चर्चा, रुग्णाचे स्वतःचे म्हणणे, संमती असे तिचे स्वरूप आहे. बहुतेक पत्रिका आज रुग्णवृत्तांतासाठी हीच सूची मागतात. ती छापून दवाखान्याच्या टेबलावर काचेखाली ठेवण्याजोगी आहे. लेख लिहावयाचा असो वा नसो.

संदर्भांविषयीचा आक्षेप मला अधिक लाजविणारा होता. लेखात दोन ठिकाणी 'असे शास्त्रात सांगितले आहे' असे वाक्य होते. त्यापुढे कार्यालयातील कोणा तरुण साहाय्यकाने लिहिले होते : कोणत्या? आमवातातील लंघनाचा उपदेश मी स्मरणाने चरकाच्या नावावर टाकला होता. ग्रंथ उघडल्यावर दिसले की चरकसंहितेत आमवात या नावाचा उल्लेख येतो, पण त्यास स्वतंत्र अध्याय नाही. व्याधी म्हणून त्याचे सविस्तर वर्णन माधवनिदानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे आणि माझ्या मनात असलेला चिकित्सासूत्राचा क्रम चक्रदत्ताचा. पंचवीस वर्षे मी तो चरकाचा म्हणून नव्या पदवीधरांना सांगत होतो. अध्याय व श्लोकांक लिहून भागत नाही, आवृत्तीही द्यावी, या मागणीवरही मी आधी हसलो होतो. परंतु एकाच संहितेच्या दोन आवृत्त्यांत श्लोकांक पुढेमागे होतात हा अनुभव कोणास नाही? यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली निर्णयसागरची चरकसंहिता हातात असलेल्याने दिलेला अंक दुसऱ्या आवृत्तीत शोधावयास गेले की दोन-चार श्लोक खालीवर पाहावे लागते. वाचणाऱ्याने ते का पाहावे?

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांस मी एवढेच सुचवीन, की चितेगावहून तासाभराच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला आहे. त्या यादवांच्या राज्यात तेराव्या शतकात हेमाद्रीने अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. राज्यकारभार सांभाळून लिहिणारा हा पुरुष. वेळ नसल्याची सबब त्यालाही सांगता आली असती. परंतु तो वचन घेतो तेव्हा ते कोणाचे ते सांगतो. खरनादाची संहिता आज उपलब्ध नाही. तिच्यात काय होते याची जी काही कल्पना आपणांस आहे, ती अरुणदत्त, हेमाद्री यांच्यासारख्या टीकाकारांनी नाव घेऊन उद्धृत केलेल्या वचनांमुळे. त्यांनीही 'असे शास्त्रात सांगितले आहे' एवढेच लिहिले असते तर खरनाद हे नावसुद्धा उरले नसते. पुढे १९३९ मध्ये हरि सदाशिव शास्त्री पराडकर यांनी अरुणदत्त व हेमाद्री या दोघांच्या टीकांसह अष्टांगहृदय निर्णयसागरमधून प्रसिद्ध केले. ते केवळ चाळले तरी संपादनाच्या कामात किती श्रम असतात याची कल्पना येते.

मात्र यावरून 'आधुनिक मांडणीत जे आहे ते सर्व आमच्या तंत्रयुक्तींत होतेच' अशी उडी मारण्याचा मोह आवरावा. सुश्रुताने बत्तीस आणि चरकाने छत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या. स्वसंज्ञा ही युक्ती जाणणाऱ्यास 'संक्षेप प्रथम येईल तेथे त्याचा अर्थ द्यावा' ही सूचना परकी वाटू नये, आणि पूर्वपक्ष व निर्णय जाणणाऱ्यास चर्चेचा भाग कसा लिहावा हे कळावे. साम्य इतकेच. त्या युक्ती ग्रंथ रचण्यासाठी व त्याचा अर्थ लावण्यासाठी आहेत. एका रुग्णाच्या अडीच महिन्यांचा हिशोब देण्यासाठी निराळी शिस्त लागते, आणि ती शिकण्यात कमीपणा नाही.

पाश्चात्त्य म्हटल्या जाणाऱ्या या मांडणीचा उगमही पुष्कळांस ठाऊक नसतो. एका पत्रिकेने लेख नाकारला की दुसरीकडे पाठविताना सगळे संदर्भ नव्या पद्धतीने लावून तो पुन्हा टंकलिखित करावा लागे. टंकलेखनयंत्राच्या त्या काळात, १९७८ साली, काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि सर्वांना चालेल असा एक नमुना त्यांनी ठरविला. पुढील वर्षी तो प्रसिद्ध झाला. संदर्भांना लेखात येतील त्या क्रमाने अंक देण्याची पद्धत आजही त्या गावाच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे जी गोष्ट आपणांस जाच वाटते ती मुळात लेखकाचा जाच कमी करण्यासाठी निघाली होती. तो पूर्णपणे कमी झाला असे मात्र म्हणवत नाही. प्रत्येक पत्रिका त्या नमुन्यात आपला एखादा खिळा ठोकतेच.

आता देवनागरीविषयी, कारण येथे आपल्या मराठी वैद्यांची विशेष फजिती होते. माझा लेख इंग्रजीत होता, पण मूळ श्लोक देवनागरीत होते. ते मी गावातील संगणकावर टंकलेखन करणाऱ्या मुलाकडून लिहवून घेतले. माझ्या पडद्यावर सर्व ठीक दिसत होते. पत्रिकेच्या कार्यालयात मात्र श्लोकांच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटली. कारण साधे आहे. लग्नपत्रिका व जाहिरातींसाठी अजूनही वापरले जाणारे जुने टंक रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीची चित्रे बसवितात. तो टंक ज्या संगणकात नाही तेथे चित्र नाहीसे होऊन खालचे रोमन अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची घरे आहेत, आणि ती आजची नव्हेत, १९९१ पासूनची आहेत. तरीही आपल्या परिषदांच्या स्मरणिकांसाठी अजून जुन्या टंकातील मजकूर येतो. पुढे तो ना शोधता येतो, ना दुसरीकडे नेता येतो. टंकलेखकास 'युनिकोडमध्येच करून द्या' एवढे एक वाक्य सांगावे. आणि टंक बदलून घेतल्यावर जोडाक्षरे स्वतः तपासावीत. क्ष, ज्ञ, द्ध, ह्य आणि अवग्रह येथे हमखास घात होतो. हे काम टंकलेखकाचे नव्हे. त्यास श्लोक येत नाही.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चौदा आक्षेपांपैकी एकास मी मान्यता दिली नाही आणि देणारही नाही. 'आम' या शब्दाऐवजी विषारी द्रव्य या अर्थाचा इंग्रजी शब्द घालावा, म्हणजे सर्वसाधारण वाचकास कळेल, असे कार्यालयाचे म्हणणे होते. कळेल हे खरे. पण चुकीचे कळेल. अग्निमांद्यामुळे अपक्व राहिलेला आहाररस आणि बाहेरून आलेले विष यांत भेद राहिला नाही, तर लंघन व दीपन-पाचन का दिले याचा उलगडाच होणार नाही. अशा वेळी आपला शब्द ठेवावा, त्याची दोन ओळींत व्याख्या द्यावी आणि अधिकृत परिभाषेचा आधार दाखवावा. आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' संकेतस्थळ २०१७ पासून व्याधिनामांची प्रमाणित सूची देत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये आयुर्वेदाची प्रमाण परिभाषा प्रसिद्ध केली आहे. त्यांतील प्रत्येक पर्याय मला पटतो असे नाही. पण संपादकाशी वाद घालताना 'मला असे वाटते' यापेक्षा 'येथे असे दिले आहे' हे अधिक उपयोगी पडते. त्याचप्रमाणे केअर सूचीत प्रकृती, सार, सत्त्व, सात्म्य, आहारशक्ती यांना घर नाही. विमानस्थानातील दशविध परीक्षा 'रुग्णाची माहिती' या मथळ्याखाली एका लहान कोष्टकात बसते, हे मी करून पाहिले आहे. नमुन्यात जागा नाही म्हणून ती गाळणे हा आपलाच आळस.

संमतीविषयी गावातील वैद्याने अधिक जपावे. मी लेखात रुग्णाचे वय, गाव, कारखाना, पाळी आणि मुलांची संख्या लिहिली होती. नाव लिहिले नव्हते, म्हणून निश्चिंत होतो. चितेगावात एवढ्या वर्णनावरून माणूस चहाच्या टपरीवर ओळखला जाईल. छायाचित्रात डोळ्यांवर काळी पट्टी लावली की झाले, हीही समजूत चुकीची. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ती पट्टी अपुरी ठरविली आहे. माझ्या लेखासाठी हातांच्या सांध्यांचे छायाचित्र पुरेसे होते. चेहरा घेण्याचे कारणच नव्हते. ज्याने विश्वासाने हात पुढे केला त्याची लेखी अनुमती, त्याला समजणाऱ्या मराठीत, घेतलीच पाहिजे.

मांडणीच्या या कटकटीस कंटाळून आपले काही तरुण सहकारी दोन पळवाटा शोधतात. एक म्हणजे पैसे घेऊन 'पेपर तयार करून देणारे'. रुग्ण न पाहिलेल्या माणसाने लिहिलेला रुग्णवृत्तांत कसा असतो हे सांगावयास नको. दुसरी म्हणजे चार दिवसांत स्वीकृतीचे पत्र पाठविणाऱ्या पत्रिका. त्यांची एक खूण मला या प्रकरणातून कळली : त्या मांडणीविषयी काहीच विचारीत नाहीत. समास, संदर्भ, संमती, रास्ना, कशाचीही चौकशी नाही. फक्त शुल्क कोठे भरावे ते ठळक छापलेले. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' नावाचीच, पण वरील सूचीशी संबंध नसलेली, मान्य नियतकालिकांची यादी पूर्वी थोडाफार आधार देत असे. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती बंद केली. आता निवड ज्याची त्याने करावयाची आहे.

शेवटी आपल्याच अंगणाकडे पाहावे लागेल, आणि संपादक मंडळ राग मानणार नाही अशी आशा आहे. आपल्या या त्रैमासिकात 'अनुभूत योग' आवडीने वाचले जातात. मीही लिहिले आहेत. त्यांत द्रव्याचे शास्त्रीय नाव, अंग, मात्रा, अनुपान, किती रुग्णांना दिले आणि किती जणांना गुण आला नाही, यांपैकी काय असते? माझ्या जुन्या तीन योगांपैकी एकातही मात्रेपलीकडे काही नाही. आपण संशोधनपत्रिकांकडून अपमान झाला म्हणून तक्रार करतो, पण आपल्या पानांवर तेच प्रश्न कोणी विचारीत नाही. माझी सूचना अशी, की पुढील अंकापासून अनुभूत योगासाठी संपादकांनी एक पानी नमुना द्यावा आणि तो भरल्याखेरीज मजकूर स्वीकारू नये. तोच नमुना शाखांच्या मासिक सभेत वाटावा. काही ज्येष्ठ वैद्य नाराज होऊन लिहिणे थांबवितील, हा धोका आहे. त्यांच्याजवळचे ज्ञान मोलाचे आहे, म्हणून तरुणांनी त्यांच्या शेजारी बसून, विचारून, रकाने भरून द्यावेत. त्यांना फॉर्म पाठवून मोकळे होऊ नये.

माझ्या लेखाचे पुढे काय झाले, असे काही वाचक विचारतील. तो अजून पुन्हा पाठविलेला नाही. समास, सारांश, संदर्भ, श्लोक सर्व नीट करून झाले आहे. घटनाक्रमाच्या कोष्टकात वेदनाशामकांच्या ओळीत 'बंद केल्याची तारीख नोंदलेली नाही' असे खरे ते लिहिले आहे, आणि त्यामुळे लेखाचे शीर्षक थोडे नरम करावे लागले. बरणीतील कंदाचे तुकडे शहरातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळखीसाठी दिले आहेत; उत्तर यावयाचे आहे. तोपर्यंत बरणीवरील 'रास्ना' ही जुनी चिठ्ठी काढून मी तेथे 'रास्ना म्हणून मिळालेले, बहुधा कोळिंजन' अशी नवी लावली आहे.